देवाची सत्ता आणि नित्याचे जीवन

'सत्ता' हा शब्द कानी पडला की आपल्या मनात आधी संशय उभा राहतो; आदर मागाहून येतो, आणि कित्येकदा तो येतच नाही. राजेरजवाडे गेले, परक्यांचा अंमल गेला, आपले राज्य आपण आपल्या मतांनी चालवू लागलो. अशा काळात देवाच्या सत्तेखाली राहण्याची गोष्ट कोणी काढली, तर ती पुष्कळांना जुनाट वाटावी यात नवल नाही. तरीही ख्रिस्ती मनुष्य दररोज जी प्रार्थना म्हणतो, तिच्यात भाकरीची मागणी पुढे येते. त्याआधी देवाचे राज्य यावे आणि त्याची इच्छा या पृथ्वीवर चालावी, हे मागणे असते. प्रार्थनेतला हा क्रम सहज पडलेला नाही. माझी भूक, माझे अपराध, माझे मोह या सर्वांच्या आधी मी कोणाच्या राज्यातला आहे, ते मला सांगावे लागते.

सकाळी सहा वाजता ओठांवर आलेल्या या शब्दांचे दहा वाजता कचेरीत, दुकानात, शाळेत, स्वयंपाकघरात काय होते, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे. देव सर्वसत्ताधीश आहे, असे मानणारे लोक सर्व धर्मांत पुष्कळ आहेत. विश्वावर त्याची सत्ता आहे हे मान्य करणे फारसे कठीण नाही. ग्रहगोल त्याच्या आज्ञेत फिरतात म्हटल्याने आपले काहीच जात नाही. आपल्या जिभेवर, आपल्या पैशाच्या पेटीवर आणि आपल्या रागावर त्याची सत्ता आहे, हे मान्य करताना मात्र आपण थबकतो.

रायपूर शहराच्या पूर्वेस तेलीबांधा नावाचा भाग आहे. नागपूरकडून येणारा जुना हमरस्ता शहर ओलांडून या बाजूने पुढे पूर्वेकडे जातो. पूर्वी धमतरीकडे जाणारी छोटी रेल्वेगाडीही येथे थांबत असे. आता तेथील तलावाभोवती फिरण्यासाठी बांधीव वाट झाली आहे आणि संध्याकाळी माणसांची दाटी होते. नावातला 'बांधा' हा शब्द मराठी माणसाला परका वाटत नाही. बांध घालून अडविलेले पाणी, असाच त्याचा भाव. रायपूर हे तलावांचे शहर म्हणून ओळखले जाते, आणि साऱ्या छत्तीसगढात गावोगाव असे तलाव आहेत. पावसाचे पाणी उतारावरून वाहून जायचे, ते मातीच्या बांधाने थांबते. मग उन्हाळ्यात तेच माणसांच्या आणि गुरांच्या उपयोगी पडते. पाण्याला वाचा असती, तर बांधाने आपले स्वातंत्र्य हिरावले, अशी तक्रार त्याने पहिल्या पावसातच केली असती. चैत्र-वैशाखात ती तक्रार करायला ते उरलेच नसते, हे त्याच्या लक्षात आले नसते इतकेच.

माणसाच्या जीवनालाही बांध लागतो, एवढे यावरून कोणीही मान्य करील. पण दृष्टान्त येथेच थांबवावा लागतो. बांध मुका असतो. तो पाण्याला विचारीत नाही, आणि पाण्यालाही त्याला ओळखता येत नाही. देवाची सत्ता तशी नाही. ती ओळखावी लागते, आणि ओळखल्यावर ती मान्य करायची की नाही, हे माणसावर सोपविलेले असते. जी सत्ता नाकारताही येते, तिलाच मनापासून शरण जाता येते.

ही ओळख कशी पटते, हे शुभवर्तमानातील एका परदेशी माणसाने फार चांगले सांगितले आहे. कफर्णहूम गावी रोमन सैन्याचा एक शताधिपती होता. त्याचा चाकर आजारी पडला, तेव्हा तो येशूकडे आला. येशू त्याच्या घरी यावयास निघाला असता त्याने नम्रपणे सांगितले की, घरी येण्याचे श्रम नकोत, केवळ शब्द पुरे आहे. मी स्वतः दुसऱ्याच्या सत्तेखाली आहे आणि माझ्या हाताखाली शिपाई आहेत, तेव्हा शब्द म्हणजे काय हे मला ठाऊक आहे. येशूला त्याच्या विश्वासाचे आश्चर्य वाटले. या माणसाने धर्मशास्त्राचा अभ्यास केलेला नव्हता. तो यहूदीही नव्हता. मात्र एक गोष्ट त्याने रोजच्या नोकरीत जाणली होती: आपल्या शब्दाला जे वजन आहे, ते आपले नव्हे. आपण वरच्या आज्ञेत आहोत म्हणून खालचे आपले ऐकतात. ज्या दिवशी आपण वरची आज्ञा मोडू, त्या दिवशी आपला अधिकार हा नुसता जुलूम होईल. देवाच्या सत्तेची पहिली खूण ही अशी आहे. ती ज्याने ओळखली, तो आधी स्वतः बांधला जातो.

आता आपल्या मराठी भाषेतील एक उदाहरण पाहू. त्याचा आरंभ रायपूरपासून फार दूर झालेला नाही. नागपूरहून रायपूरला येणाऱ्या लोहमार्गावर, रायपूरच्या अलीकडे सुमारे ७० किलोमीटरवर राजनांदगाव लागते. त्या काळी तेथे एक लहान संस्थान होते. १८९३ साली नारायण वामन टिळक त्या संस्थानात कामासाठी नागपूरहून निघाले. टिळक तेव्हा बत्तिशीच्या आत होते; कवी, वक्ते, संस्कृताचे जाणते, आणि कोठेच फार दिवस न टिकणारे. आगगाडीत त्यांना एक युरोपीय गृहस्थ भेटला. त्याने आदराने जागा दिली, संस्कृत काव्यावर बोलणे काढले, आणि शेवटी नव्या कराराची एक प्रत हाती दिली. हे वाचाल तर दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही त्याने केले. टिळकांना ते भाकीत मुळीच पटले नाही, पण वाचण्याचे वचन त्यांनी दिले आणि ते पाळले. वाचता वाचता ते डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तेथून त्यांचा पाय निघेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या घटनेत चमत्कार शोधणारे भाकिताकडे पाहतात. मला तो भाग दुय्यम वाटतो. टिळक निघाले होते ते एका राजाच्या पदरी काम करायला. कोणाच्या तरी आश्रयाला राहणे त्या काळच्या विद्वानाला नवे नव्हते. वाटेत त्यांच्या हाती जे पुस्तक आले, त्यात दुसऱ्याच एका राज्याची घटना लिहिलेली होती. त्या राज्यात दीन, शोक करणारे, सौम्य आणि शांती करणारे लोक धन्य ठरतात. तेथे शत्रूवर प्रीती करावी लागते. आणि तेथे खून करणाऱ्याप्रमाणेच मनात राग धरणाराही न्यायासनापुढे उभा राहतो. टिळक स्वभावाने तापट होते, हे त्यांच्या पत्नीनेच लिहून ठेवले आहे. आपल्या रागावरसुद्धा ज्याची हुकमत चालते असा राजा त्यांना पहिल्यांदा तेथे भेटला असावा.

पण या आज्ञापालनाचे मोल कोणी दिले? येथे आपल्याला जरा थांबले पाहिजे. टिळकांच्या बाप्तिस्म्याने लक्ष्मीबाईंच्या संसारावर कुऱ्हाड कोसळली. पदरी लहानगा मुलगा, भोवती सोवळे-ओवळे मानणारे आप्त, आणि नवरा जातीबाहेर गेलेला. पुढची काही वर्षे त्यांनी कशी काढली, ते त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात वाचावे. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेला हा ग्रंथ मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत गणला जातो, तो केवळ विनोदामुळे नव्हे. नवऱ्याला देवाची हाक आली, म्हणून बायकोला रडावे लागले. मग ती हाक खरी कशी मानावी, हा प्रश्न त्या पुस्तकाच्या पानापानांत दडलेला आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही.

टिळकांकडे परत आल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपले आचार काही काळ सोडले नाहीत. टिळकांनी त्यांना धर्म बदलण्याची आज्ञा केली असती, तर त्या काळच्या रूढीप्रमाणे पतीचा तो अधिकारच मानला गेला असता. पण आज्ञेने हे काम होत नाही. लक्ष्मीबाईंनी स्वतःशीच विचार केला की, हा जातिभेद देवाने केला की माणसाने? देवाने केला असता, तर माणसाच्या जन्मामरणात आणि देहात त्याची काही खूण दिसली असती. तशी खूण त्यांना कोठे दिसेना. मग तो माणसाचाच खेळ, असे त्यांनी ठरविले, आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास आपली हरकत नाही, हे जाहीर केले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचे शिक्षण बेताचे, पण त्यांचा हा प्रश्न मोठमोठ्या पंडितांना लाजविणारा आहे. ज्याला मी इतके दिवस देवाची सत्ता समजून शरण गेले, ती खरोखर देवाची आहे की माणसाची, असे त्यांनी विचारले. आणि उत्तर मिळताच पाण्याच्या घागरीपासून आज्ञापालनाला आरंभ केला.

लक्ष्मीबाईंच्या या चरित्रावरून एक नियम सांगता येतो. देवाची सत्ता दुसऱ्याच्या वतीने मान्य करता येत नाही. पतीला पत्नीच्या वतीने ती पत्करता येत नाही, बापाला मुलाच्या वतीने नाही, आणि पाळकाला मंडळीच्या वतीनेही नाही. जो मनुष्य देवाचे नाव घेऊन घरातल्यांना वाकवू पाहतो, त्याने देवाची सत्ता ओळखलेली नसते. आपल्याच सत्तेला त्याने देवाची मोहोर लावलेली असते. ख्रिस्ती घरांत हा दोष नाही, असे म्हणणे खोटे होईल. वडीलधाऱ्यांचा हट्ट पुष्कळदा वचनाच्या आधाराने बोलतो. त्या वेळी शताधिपतीचा प्रश्न स्वतःला विचारावा की, मी ज्या आज्ञेचा आधार घेतो आहे, तिच्याखाली मी स्वतः आहे काय?

या प्रश्नाची दुसरी बाजू पंडिता रमाबाईंच्या चरित्रात दिसते. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या. कोवळ्या वयात दुष्काळात आईबाप गमावले. पुढे भाऊ गेला, मग पतीही गेला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्यांच्याकडे त्या राहिल्या, त्या भगिनींची अपेक्षा अशी की, नवख्या बाईने चर्चच्या वडिलांचे निर्णय निमूटपणे मानावेत. रमाबाईंनी ते मानले नाही. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांचे म्हणणे स्पष्ट आहे: पुरोहितांच्या एका जोखडातून मी मोठ्या कष्टाने मान सोडविली आहे, ती आता दुसऱ्या जोखडात देणार नाही, देवाचे मात्र सर्व ऐकेन. हे ऐकून कित्येकांना त्या उद्धट वाटल्या. पण ज्याची मान एका ठिकाणी पुरती वाकली आहे, ती दहा ठिकाणी वाकत नाही. मी या देवाच्या सत्तेला स्वातंत्र्याचा बांध म्हणतो तो याच अर्थाने.

हीच गोष्ट जगाच्या दुसऱ्या टोकाला फार मोठ्या प्रमाणावर घडली. जर्मनीत हिटलरची सत्ता येताच चर्चमधील पुष्कळ लोक तिच्यामागे गेले. १९३४ च्या मे महिन्यात बार्मेन येथे जमलेल्या काही ख्रिस्ती लोकांनी जाहीरनामा काढला की, मंडळीने ऐकावे असे वचन एकच आहे, ते ख्रिस्त. त्याच्या शेजारी दुसऱ्या कोणाला प्रभू म्हणून बसविता येणार नाही. सरकारने सुव्यवस्था राखावी, हे त्यांनी नाकारले नाही. कैसराचे कैसराला द्यावे, हे ते जाणत होते. पण कैसराने देवाचे मागितले, तेव्हा त्यांनी नाही म्हटले. त्याच पंथातील दिट्रिख बोनहोफर यांना ९ एप्रिल १९४५ रोजी फाशी देण्यात आले. आपल्यापैकी बहुतेकांवर असा प्रसंग कधी यायचा नाही. परंतु वरिष्ठाने खोट्या कागदावर सही मागितली, किंवा सर्वांनी मिळून एखाद्या निर्बळाची थट्टा चालविली, तर बार्मेनचाच प्रश्न लहान आकारात आपल्यापुढे उभा राहतो.

आता एका मोठ्या गैरसमजाकडे वळतो. देवाच्या इच्छेला शरण जाणे म्हणजे जे घडेल ते मुकाट्याने सोसणे, अशी आपल्याकडे समजूत आहे. मूल आजारी पडले, देवाची इच्छा. पीक गेले, देवाची इच्छा. शेजाऱ्यावर अन्याय झाला, तीही देवाचीच इच्छा. असे म्हणून आपण पुष्कळदा श्रद्धेच्या नावाखाली आळस झाकतो. १८९६-९७ साली मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. छत्तीसगढ तेव्हा याच मध्य प्रांतात होते. दुष्काळ हे देवाचे करणे आहे, त्यापुढे माणसाने काय करावे, असे म्हणायला रमाबाईंना पुष्कळ आधार होता. त्यांचे आईवडील दुष्काळातच गेले होते. पण त्या घरी बसल्या नाहीत. त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या, उपाशी आणि निराधार मुली-बायका गोळा केल्या, आणि त्यांना आपल्याबरोबर नेले. पुण्याजवळच्या केडगाव येथील मुक्तिसदनाचा विस्तार त्यातून झाला. तेथे विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, माग चालले, छापखाना आला. देवाची इच्छा त्यांना दुष्काळात दिसली नाही. उपाशी मुलीला दोन घास देण्यात दिसली. त्या इच्छेला त्या शरण गेल्या, म्हणजे उठून कामाला लागल्या.

मग सोसण्याला काहीच जागा नाही काय? आहे, पण ती कामाच्या शेवटी आहे, आरंभी नाही. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून पवित्र शास्त्राचे साध्या मराठीत भाषांतर करावयास घेतले, आणि ते काम अनेक वर्षे चालले. ते संपत आले असता, १९२१ च्या जुलै महिन्यात त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा वारली. जिच्या हाती संस्था सोपवायची, तीच गेली. रमाबाईंनी देवाशी भांडण मांडले नाही आणि कामही सोडले नाही. भाषांतर पुरे झाले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. येशूनेही गेथशेमाने बागेत आधी आपली इच्छा पित्यापुढे मोकळेपणाने मांडली, हा प्याला टळावा असे म्हटले, आणि मग पित्याच्या इच्छेवर सोपविले. मागणे मागण्याची लाज वाटू नये, उत्तर नाही असे आले तर मान फिरवू नये. शरणागतीत या दोन्ही गोष्टी असतात.

एवढ्या थोरांची चरित्रे ऐकून श्रोत्याला वाटेल की, हे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे. म्हणून आता अगदी घरगुती गोष्टींकडे येतो. देवाच्या सत्तेची ठाणी आपल्या दिवसात कोठे कोठे असतात?

पहिले ठाणे जिभेवर. नव्या करारात याकोबाचे पत्र आहे. त्यात जिभेवर जितके लिहिले आहे, तितके फार थोड्या ठिकाणी सापडेल. लहानशा सुकाणूने मोठे गलबत वळते, तशी जीभ माणसाला वळविते, असा त्याचा आशय. सकाळी प्रार्थना करून उठलेला गृहस्थ चहा थंड मिळाला म्हणून कडाडतो, तेव्हा प्रार्थनेतील राज्य कपबशीपाशीच संपलेले असते. बोलण्याच्या आधी क्षणभर थांबणे, हा शरणागतीचा सर्वांत लहान आणि सर्वांत अवघड प्रकार आहे.

दुसरे ठाणे पैशावर. मापात पाप करू नये, हे सर्व धर्म सांगतात. ख्रिस्ती शिकवण त्यापलीकडे एक पाऊल टाकते: पैसा माझा नाहीच, मी केवळ कारभारी आहे. कारभाऱ्याला हिशेब द्यावा लागतो. घरकाम करणाऱ्या बाईचा पगार महिना उलटून आठ दिवस झाले तरी दिला नाही, आणि रविवारी दानपेटीत मोठी नोट टाकली, तर त्या नोटेने हिशेब जुळत नाही. आधी मजुरी, मग दान.

तिसरे ठाणे वेळेवर. सात दिवसांतला एक दिवस देवाचा, हा नियम केवळ उपासनेसाठी नाही. तो दिवस मला सांगतो की, मी काम थांबविले तरी जग चालते. ज्याला विश्रांती घेता येत नाही, त्याने आपल्यालाच जगाचा धनी ठरविलेले असते. आजकाल खिशातले यंत्र रात्री अपरात्री हाक मारते आणि आपण धावतो. आपण कोणाच्या हाकेला ओ देतो, ते पाहिले म्हणजे आपला राजा कोण, हे निराळे विचारावे लागत नाही.

चौथे ठाणे वैरावर, आणि माझ्या मते कसोटी येथेच लागते. भावाभावांत शेताच्या किंवा घराच्या वाटणीवरून अबोला धरलेला असतो. मंडळीतही दोन कुटुंबे एकाच बाकावर बसत नाहीत. डोंगरावरील प्रवचनात येशूने सांगितले आहे की, अर्पण वेदीपाशी आणल्यावर भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. उपासना थोडा वेळ थांबली तरी देवाला चालते, समेट थांबलेला चालत नाही. क्षमा करताना आपण न्याय सोडतो असे नाही. न्यायाचा शेवटचा शब्द आपल्या हातून खाली ठेवतो. मीच न्यायाधीश आहे हा हक्क सोडणे, हीच सत्ता मान्य करण्याची खरी परीक्षा होय.

येथे कोणी विचारील की, मनात येणारी प्रत्येक प्रेरणा देवाचीच आहे, हे ओळखायचे कसे? माणसे देवाच्या नावाने वाटेल ते करतात. हा आक्षेप रास्त आहे. ख्रिस्ती परंपरेने त्यासाठी काही कसोट्या वापरल्या आहेत, त्या मी माझ्या शब्दांत सांगतो. जी आज्ञा माझ्याच सोयीची, माझ्याच मानाची आणि माझ्याच वैऱ्याच्या नाशाची निघते, तिच्याविषयी संशय धरावा. जी आज्ञा दुर्बळाला अधिक दुर्बळ करते, तिच्याविषयी तर खात्रीच धरावी की ती वरून आलेली नाही. आणि शेवटी ख्रिस्ताच्या चरित्रापाशी ती ताडून पाहावी. शिष्य त्याला प्रभू म्हणत, आणि त्याने कमरेला रुमाल गुंडाळून त्या शिष्यांचे पाय धुतले. ज्याच्या हाती सर्व सत्ता, त्याने ती अशी वापरली. जी सत्ता पाय धुवायला खाली वाकत नाही, ती त्याची नव्हे.

टिळकांच्या आयुष्याचा शेवटचा भाग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. पुष्कळ वर्षे त्यांनी मिशनमध्ये काम केले, 'ज्ञानोदया'चे मराठी लेखन सांभाळले, भक्तिगीतांनी मराठी मंडळीला तिची स्वतःची भाषा दिली. तुकोबांच्या भक्तीचे ऋण त्यांनी कधी लपविले नाही; आपण त्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो, असे ते मोकळेपणाने सांगत. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास एक नवे कार्य आरंभिले. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, जे कोणी ख्रिस्ताचे शिष्य म्हणून राहू इच्छितात, त्या सर्वांचे एक बंधुमंडळ व्हावे, अशी ती कल्पना होती. तिला त्यांनी नाव दिले 'देवाचा दरबार'. ते कार्य त्यांना पुरे करता आले नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते वारले. पण नाव मोठे बोलके आहे. चोवीस वर्षांपूर्वी एका राजाच्या पदरची नोकरी शोधणारा हा कवी अखेरीस ज्या दरबारात गेला, तेथे मानकऱ्यांची ओळ नाही, पगार ठरलेला नाही, आणि कोणाची जात दाराशी विचारली जात नाही. अपुऱ्या राहिलेल्या 'ख्रिस्तायना'ची पुढची ओवी लिहायला मात्र घरात एक व्यक्ती होती. ज्या लक्ष्मीबाईंवर त्या हाकेचा सर्वांत जड भार पडला होता, त्यांनीच ते काव्य पुढे नेऊन पुरे केले. कोणी आज्ञा केली म्हणून त्यांनी ते लिहिले, असे त्यांचे चरित्र वाचणारा कधी म्हणणार नाही.

श्रोतेहो, संस्थाने गेली आणि दरबार मोडले. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ हे वेगळे राज्य झाले, आणि जुन्या मध्य प्रांताचे नाव आता केवळ पुस्तकांत उरले आहे. राज्यांच्या सीमा अशा बदलत राहतात. तेलीबांध्यात राहणारे मराठी कुटुंब घरात मराठी, बाजारात हिंदी आणि भाजीवाल्या मावशीशी छत्तीसगढी बोलते. प्रार्थना मात्र कोणत्याही भाषेत केली तरी तिच्यातले ते मागणे बदलत नाही. त्याची इच्छा चालावी, असे म्हणणारा मनुष्य दुसऱ्या कोणासाठी काही मागत नसतो. तो आपल्या घराचे दार आतून उघडून देत असतो. मग ती सत्ता आत येते ती गाजावाजा करीत नाही. आज संध्याकाळी ज्या भावाशी आपण बोलत नाही त्याला आपण एक चिठ्ठी लिहिली, थकलेली मजुरी चुकती केली, किंवा तोंडाशी आलेला कडू शब्द गिळला, तर सकाळच्या प्रार्थनेचा एक शब्द तरी आपण खरा केला, असे म्हणावयास हरकत नाही.